वकील आणि त्याचा अशील : नानी पालखीवाला यांच्या कार्याचें परीक्षण

मराठी दप्तरांत ‘वकील’ हा शब्द दोन अर्थांनीं येतो. पेशवाईच्या कागदपत्रांत वकील म्हणजे परदरबारीं राहून आपल्या धन्याचें काम पाहणारा प्रतिनिधि. इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर तोच शब्द न्यायकचेरींत दुसऱ्याची बाजू मांडणारास लागला. दोन्ही अर्थांच्या मुळाशीं कल्पना एकच आहे : बोलणारा एक आणि ज्याच्यासाठीं बोलावयाचें तो दुसरा. नानी अर्देशिर पालखीवाला हे दोन्ही अर्थांनीं वकील होते. शिवाय ज्या उद्योगपतींचीं गाऱ्हाणीं त्यांनीं न्यायालयांत व सभांत मांडलीं, त्यांच्याच एका मोठ्या घराण्याच्या कारभारांत ते स्वतः अधिकारावर होते. न्याय, राजकारण आणि व्यापार या तीन दरबारांत एकाच वेळीं वावरलेल्या अशा पुरुषाचें परीक्षण करूं लागलें असतां पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, या वकिलाचा खरा अशील कोण?

त्यांच्या स्तुतिपाठकांनीं या प्रश्नास ‘राज्यघटना’ असें उत्तर दिलें आहे आणि त्यांच्या निंदकांनीं ‘धनिक वर्ग’ असें. दोन्ही उत्तरें आयतीं आहेत, आणि दोन्ही निम्म्या पुराव्यावर उभीं आहेत. आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या आयुष्याच्या क्रमांत शोधलें पाहिजे. कारण तें १९७० सालीं एक होतें, १९७५ सालीं दुसरें झालें, आणि १९८५ सालीं पुन्हा संशयांत पडलें.

त्यांचा जन्म मुंबईंत १६ जानेवारी १९२० रोजीं झाला. पूर्वज पालख्या बनविण्याचा धंदा करीत, त्यावरून हें आडनांव पडलें. आपल्याकडे पालखीचा मान सरदारास मिळे, ती घडविणारास नव्हे. या घराण्यांत संपत्ति बेताची होती, आणि मुलाच्या जिभेला अडखळण्याची खोड होती. पुढें ज्यांच्या अस्खलित वाणीची ख्याति सर्व देशभर झाली त्यांच्या वक्तृत्वाचा आरंभ हा असा आहे. सेंट झेवियर कॉलेजांतून इंग्रजी वाङ्मय घेऊन ते एम. ए. झाले, अध्यापकाची जागा मिळावी म्हणून त्यांनीं अर्ज केला, आणि ती न मिळाल्यामुळें ते कायद्याकडे वळले. आमच्या व्यवसायाची ही हानि देशाच्या कामीं आली, असें म्हणणें भाग आहे. सर जमशेटजी कांगा यांच्या हाताखालीं त्यांनीं उमेदवारी केली, आणि १९५० सालीं, म्हणजे वयाच्या तिसाव्या वर्षीं, गुरूच्या जोडीनें प्राप्तिकराच्या कायद्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. तो ग्रंथ आजहि या दोघांच्याच नांवानें ओळखला जातो.

प्राप्तिकर हा विषय रुक्ष खरा. परंतु पालखीवालांच्या पुढील चरित्राची किल्ली त्यांत आहे. ज्यास करकायदा कळतो त्यास व्यापाऱ्याची वही कळते, आणि ज्यास व्यापाऱ्याची वही कळते त्याला पेढीवर मानाची जागा मिळतेच. सातव्या दशकाच्या आरंभीं ते टाटा समूहांत आले. असोशिएटेड सिमेंट कंपनीचें अध्यक्षपद त्यांनीं दीर्घकाल भूषविलें, आणि १९६८ सालीं टाटांनीं काढलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले. अंधेरीस १९७३ सालीं स्थापन झालेल्या ‘सीप्झ’च्या आवारांत संगणकाच्या कामासाठीं रोज जाणाऱ्या हजारो तरुणांना हें ठाऊक नसेल कीं, त्यांच्या धंद्यांतील या आद्य संस्थेच्या अध्यक्षाच्या आसनावर प्रथम एक वकील बसला होता.

वकिलानें उद्योगधंद्यांत शिरणें ही गोष्ट मुंबईस नवी नव्हती. ज्या सिमेंट कंपनीचें अध्यक्षपद पालखीवालांकडे आलें, ती १९३६ सालीं दहा कंपन्या एकत्र होऊन बनली, आणि तें एकीकरण घडवून आणण्याची खटपट एफ. ई. दिनशा या सॉलिसिटरनें केली. कंपनी प्रत्यक्ष उभी राहण्यापूर्वींच त्यांचा अंत झाला. मालाडच्या बाजूस राहणाऱ्या वाचकांना दिनशांचें नांव सांगावयास नको. त्या टापूंतील जमिनींच्या व्यवहारांत तें पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं येत आलें आहे. परंतु दिनशांनीं कायद्याचें ज्ञान व्यापाराच्या चाकरीस लाविलें व ते तेथेंच थांबले. उलट आपल्या मराठी परंपरेंतील न्यायपंडित पाहावे तर विश्वनाथ नारायण मंडलिक, काशिनाथ त्रिंबक तेलंग, महादेव गोविंद रानडे, मुकुंदराव जयकर ही सर्व मंडळी कायद्यांतून सार्वजनिक जीवनांत गेली, पण पेढीवर बसली नाही. रानड्यांनीं देशी उद्योगधंद्यांचें अर्थशास्त्र सांगितलें. कारखाना मात्र चालविला नाहीं. पालखीवालांनीं या दोन्ही परंपरा एकत्र केल्या. त्यांचें वैशिष्ट्य यांत आहे, आणि त्यांच्यावरील आक्षेपाचें मूळहि यांतच आहे.

आतां त्यांनीं चालविलेल्या मोठ्या खटल्यांकडे पाहूं. १९ जुलै १९६९ रोजीं वटहुकुमानें १४ बँका सरकारनें ताब्यांत घेतल्या. त्याविरुद्ध एका भागधारकाची बाजू पालखीवालांनीं मांडली आणि १० फेब्रुवारी १९७० रोजीं सुप्रीम कोर्टानें तो कायदा रद्द ठरविला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत संस्थानिकांच्या तनख्यांचा खटला झाला. अर्जदार ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे होते, आणि तेथेंहि सरकार हरलें. १९७२ सालीं कागदाच्या नियंत्रणाचा खटला आला. त्यांत अशील वृत्तपत्राची मालक कंपनी होती. बँकेचा भागधारक, संस्थानिक, वृत्तपत्राचा मालक : ही यादी पाहून कोणी म्हणेल कीं, येथें स्वातंत्र्याचें नांव घेऊन मालमत्तेचें रक्षण चालू आहे, तर त्यास एकदम खोटें पाडतां येणार नाहीं. ज्या काळांत १९७३-७४ च्या हिशेबीं सर्वांत वरच्या उत्पन्नावर अधिभारासह ९७.७५ टक्के कर बसत होता, त्या काळांत मालमत्तेलाहि वकिलाची गरज होती, हें आम्हांस मान्य आहे. पण मालमत्तेला वकील नेहमींच मिळतो, हेंहि तितकेंच खरें.

केशवानंद भारतींच्या खटल्याचें मूळसुद्धां जमिनींतच होतें. कासरगोडजवळील एडनीर मठाच्या स्वामींनीं केरळच्या जमीनसुधारणा कायद्याविरुद्ध दाद मागितली, आणि त्या निमित्तानें चोविसावी, पंचविसावी व एकोणतिसावी या घटनादुरुस्त्यांवरच वाद उपस्थित झाला. ३१ ऑक्टोबर १९७२ पासून २३ मार्च १९७३ पर्यंत, मधल्या सुट्या सोडून, ६८ दिवस १३ न्यायाधीशांपुढें सुनावणी चालली. आमच्या वाचकांनीं येथें एक गोष्ट बारकाईनें पाहावी. पालखीवालांचा युक्तिवाद पूर्वींच्या खटल्यांप्रमाणें ‘अमुक हक्क हिरावूं नका’ एवढाच राहिला असता, तर तो अशिलाबरोबरच संपला असता. परंतु त्यांनीं प्रश्न फिरविला : ज्या संसदेला घटनेनें जन्म दिला, तिला त्याच घटनेचें स्वरूप नष्ट करण्याचा अधिकार असूं शकतो काय? या विचाराचें बीज सर्वस्वीं त्यांचें नव्हतें. जर्मन पंडित डीट्रिच कॉनराड यांनीं १९६५ सालीं बनारसच्या हिंदु विद्यापीठांत दिलेल्या व्याख्यानांत दुरुस्तीच्या अधिकारास अंगभूत मर्यादा असतात, असें प्रतिपादिलें होतें; आणि त्यांच्या मनांत हिटलरच्या अनुभवानंतर १९४९ सालीं झालेली जर्मनीची घटना होती, जिच्यांतील कांहीं तत्त्वें दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवलीं आहेत. कल्पना दुसऱ्याची असली म्हणून वकिलास उणेपणा येत नाहीं. बीज कोणाचेंहि असो, तें कोणत्या जमिनींत व कोणत्या ऋतूंत पेरावें हें ज्यास कळलें, पीक त्याचेंच म्हणावें लागतें.

२४ एप्रिल १९७३ रोजीं सात विरुद्ध सहा मतांनीं निकाल झाला : संसदेस घटनेचें कोणतेंहि कलम बदलतां येईल, पण घटनेची मूलभूत चौकट मोडतां येणार नाहीं. या निकालांतील विनोद सहसा कोणी सांगत नाहीं. ज्यांच्या मतानें पारडें झुकलें त्या न्यायमूर्ति खन्नांनीं स्पष्ट म्हटलें कीं, मालमत्तेचा हक्क या मूलभूत चौकटींत येत नाहीं. म्हणजे अशील ज्यासाठीं आला होता तें त्याला मिळालें नाहीं, आणि वकिलानें जें मागितलें तें सर्व देशाला मिळालें! आमच्या मतें पालखीवालांच्या कार्याचा मध्यबिंदु हा आहे. येथें त्यांचा युक्तिवाद त्यांच्या अशिलाहून मोठा झाला, आणि कदाचित् त्यांच्या स्वतःच्या आवडीनिवडींहूनहि मोठा झाला.

याच खटल्यांत केरळ सरकारची बाजू मांडणारे होरमसजी सीरवाई यांच्याशीं त्यांची तुलना केल्यावांचून हें विवेचन पुरें होणार नाहीं. दोघेहि मुंबईचे पारशी, दोघेहि कांगांच्या पेढींतून तयार झालेले. सीरवाई महाराष्ट्राचे अॅडव्होकेट जनरल होते, आणि घटनेवरील त्यांचा ग्रंथ विद्वत्तेनें व कडव्या टीकेनें भरलेला आहे. व्यापाराच्या वाटेला ते कधीं गेले नाहींत. पालखीवालांचें लेखन वाचतांना सभागृह दिसतें. सीरवाईंचें वाचतांना अभ्यासिका दिसते. परंतु इतिहासाचा चमत्कार असा कीं, अभ्यासिकेंतील विद्वानानें मूलभूत चौकटीस प्रथम विरोध केला, आणि आणीबाणीचा अनुभव आल्यावर पुढील आवृत्तींत आपलें मत बदललें. तीच गोष्ट न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड यांची. पालखीवालांच्याच वर्षीं, १९२० सालीं, पुण्यास जन्मलेल्या या न्यायाधीशानें १९७३ सालीं विरुद्ध मत दिलें, आणि १९८० सालीं मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यांत सरन्यायाधीश या नात्यानें पालखीवालांचाच युक्तिवाद मान्य करून बेचाळिसाव्या दुरुस्तीचीं दोन कलमें रद्द केलीं. वाद जिंकणें ही एक गोष्ट. प्रतिपक्षाला सात वर्षांनीं आपल्या बाजूस आणणें ही फार निराळी गोष्ट आहे. तिचें श्रेय एकट्या वकिलाचें नव्हे. तें मधल्या एकवीस महिन्यांच्या काळोखाचेंहि आहे.

त्या काळोखाच्या तोंडाशीं पालखीवालांची खरी परीक्षा झाली. १२ जून १९७५ रोजीं अलाहाबाद हायकोर्टानें इंदिरा गांधींची निवड रद्द केली, तेव्हां सुप्रीम कोर्टांत त्यांचें वकीलपत्र पालखीवालांनीं घेतलें. बँका, तनखे आणि केशवानंद या तीनहि वेळां ज्या सरकारशीं ते झगडले त्याच सरकारच्या प्रमुखाची बाजू त्यांनीं घ्यावी, याचा अनेकांस अचंबा वाटला. आम्हांस तो वाटत नाहीं. अशील आवडतो म्हणून वकीलपत्र घ्यावयाचें, हा वकिलाचा धर्म नव्हे. परंतु २५ जूनच्या रात्रीं आणीबाणी पुकारली गेली, आणि दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं तें वकीलपत्र परत केलें. रामशास्त्री प्रभुण्यांनीं नारायणरावांच्या वधानंतर पुणें सोडलें, ही कथा मराठी घरांत न्यायनिष्ठेचा मानदंड म्हणून सांगितली जाते. पालखीवालांच्या कृतीला तेवढी उंची देण्याची आमची इच्छा नाहीं. त्यांचें पद गेलें नाहीं, कीं भाकरी गेली नाहीं. तरी ज्या दिवसांत मोठमोठ्यांच्या लेखण्या निमूट झाल्या, त्या दिवसांत सत्ताधीशाचें वकीलपत्र परत करणें ही लहान गोष्ट नव्हती. त्याच वर्षीं नोव्हेंबरच्या १० व ११ तारखांस केशवानंदाचा निकाल फिरविण्यासाठीं तेरा न्यायाधीश पुन्हा बसविण्यांत आले; पालखीवाला त्यांच्यापुढें उभे राहिले, आणि १२ तारखेस सरन्यायाधीश राय यांनीं तें पीठच विसर्जित केलें. या दोन दिवसांत त्यांचा अशील कोण होता? कागदोपत्रीं कोणीहि असो. वस्तुतः तो तुरुंगांत पडलेला आणि स्वतःची बाजू मांडूं न शकणारा देश होता. पालखीवालांच्या टीकाकारांनीं या दोन दिवसांचा हिशेब कधीं नीट दिलेला नाहीं.

१९७७ सालीं जनता सरकारनें त्यांना अमेरिकेंत राजदूत नेमलें, आणि पेशवाईच्या अर्थानेंहि ते वकील झाले. दोन वर्षांच्या या कारकीर्दीवर फार लिहिण्यासारखें नाहीं; तारापूरच्या अणुभट्टीस लागणाऱ्या इंधनाचा तंटा त्या काळीं दोन देशांत चालू होता, आणि वक्तृत्वानें तो सुटण्यासारखा नव्हता. परंतु एक गोष्ट लक्ष्यांत घेण्याजोगी आहे. ज्या मालमत्तेच्या हक्कासाठीं त्यांनीं आयुष्याचीं उत्तम वर्षें खर्च केलीं, तो हक्क मूलभूत हक्कांच्या यादींतून काढला कोणी? इंदिरा गांधींनीं नव्हे. तो १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें काढला, आणि ती दुरुस्ती पालखीवाला ज्या सरकारचे राजदूत होते त्याच सरकारची होती. ते पदावर राहिले. याला कोणी विसंगति म्हणेल. आम्ही असें म्हणूं कीं, आणीबाणीनें त्यांना स्वातंत्र्य व मालमत्ता यांतील अंतर शिकविलें होतें. त्याच दुरुस्तीनें आणीबाणी पुकारण्याचा अधिकार आवळला गेला. तेव्हां एक हक्क गमावून दुसऱ्याला तटबंदी मिळाली, हा सौदा त्यांनीं मनांत मान्य केला असावा.

एवढी गुणग्राहकता दाखविल्यावर त्यांच्या चरित्रांतील काळी बाजू झांकून ठेवणें हें समीक्षकाचें काम नव्हे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं भोपाळ येथें युनियन कार्बाईडच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटला, आणि हजारो माणसें मेलीं. भरपाईचा दावा अमेरिकेंत चालावा अशी भारत सरकारची मागणी होती; कंपनीला तो भारतांत यावयास हवा होता. त्या वादांत, भारतीय न्यायालयें हें काम करण्यास पूर्ण समर्थ आहेत, असें प्रतिज्ञापत्र पालखीवालांनीं कंपनीच्या बाजूनें दिलें. १९८६ च्या मे महिन्यांत न्यायाधीश कीनन यांनीं दावा भारतांत पाठविला, आणि १९८९ सालीं ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. आपल्या देशाच्या न्यायालयांचा अभिमान ही चांगली गोष्ट आहे. उलट स्वतःच्या न्यायव्यवस्थेची नालस्ती परक्या कोर्टापुढें मांडणाऱ्या सरकारचेंहि कौतुक करतां येत नाहीं. परंतु जे पालखीवाला व्याख्यानांतून व लेखांतून आपल्या न्यायालयांच्या दिरंगाईचा सतत धिक्कार करीत आले, त्यांनींच ही ग्वाही द्यावी, आणि तीहि ज्या बाजूस पैसा होता त्या बाजूनें, हें आमच्या मनास पटत नाहीं. येथें युक्तिवाद अशिलाहून मोठा झाला नाहीं. तो अशिलाएवढाच राहिला.

त्यांच्या वाङ्मयाचा विचार स्वतंत्रपणें करणें अवश्य आहे. ‘वुइ, द पीपल’ (१९८४) आणि ‘वुइ, द नेशन’ (१९९४) हीं त्यांचीं प्रसिद्ध पुस्तकें भाषणें व लेख यांचे संग्रह आहेत. इंग्रजी स्वच्छ, वाक्यें टणत्कारानें संपणारीं, अवतरणांची रेलचेल. पहिलीं पन्नास पानें मोहित करतात. दीडशेव्या पानावर वाचकास कळून चुकतें कीं, तोच दृष्टांत त्यानें मागें एकदां वाचला आहे. वक्त्याला पुनरुक्ति क्षम्य असते, कारण श्रोते बदलतात. ग्रंथाचा वाचक मात्र बदलत नाहीं. १९५८ च्या सुमारास हॉटेलच्या एका लहान दालनांत सुरू झालेलीं त्यांचीं अर्थसंकल्पावरील व्याख्यानें पुढें ब्रेबोर्न स्टेडियमवर हलवावीं लागलीं, आणि क्रिकेटच्या मैदानावर करांच्या टक्केवारीसाठीं लोकांची गर्दी होऊं लागली, हें लोकशिक्षणाचें असामान्य उदाहरण आहे. पण त्या व्याख्यानांत करदाता जितका जिवंत उभा राहतो, तितका कर देण्याइतकेंहि उत्पन्न नसलेला मनुष्य राहत नाहीं. त्याचा उल्लेख कळकळीनें येतो. परंतु तो समूह म्हणून येतो, अशील म्हणून नव्हे. तेलंगांनीं व रानड्यांनीं हायकोर्टाच्या न्यायासनावर बसूनहि मराठींत लिहिलें व बोलले. पालखीवालांचा सर्व व्यवहार इंग्रजींत झाला. त्यांच्या मातृभाषेचा विचार करतां मराठीची अपेक्षा आम्ही धरीत नाहीं. तथापि ज्या शहराचे ते भूषण, त्या शहरांतील बहुसंख्य लोकांस त्यांचें म्हणणें दुसऱ्याच्या तोंडूनच कळलें, ही मर्यादा नोंदविली पाहिजे.

मग शेवटीं निवाडा काय करावा? त्यासाठीं आम्ही वाचकांस आपल्या उपनगरांतीलच एक दाखला देतों. विलेपार्ल्यास पश्चिम द्रुतगति मार्गाजवळ कामराज नगर नांवाची झोंपडवस्ती होती. १९८१ सालीं ती व पदपथावरील बिऱ्हाडें हटविण्याचें ठरलें, तेव्हां रहिवाशांच्या वतीनें सुप्रीम कोर्टांत अर्ज झाले. १० जुलै १९८५ रोजीं चंद्रचूडांच्या पीठानें निकाल दिला कीं, जगण्याच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क येतो. मात्र रीतसर नोटीस देऊन वस्ती हटवितां येईल. त्या खटल्यांत पालखीवाला नव्हते. परंतु नागरिकांचे मूलभूत हक्क एका दुरुस्तीच्या फटकाऱ्यानें पुसून टाकतां येत नाहींत, हा जो आधार त्या झोंपडीवाल्यांना होता, तो १९७३ सालीं एका मठाच्या जमिनीच्या निमित्तानें घातला गेला होता. पुढें १९९४ सालीं राज्य सरकारें मन मानेल तशीं बरखास्त करण्यास आळा बसला, तोहि मूलभूत चौकटीच्याच आधारानें. धर्मशाळा बांधणारा शेटजी कोणत्या हेतूनें बांधतो हें वाटसरू विचारीत नाहीं. रात्रीं छप्पर गळतें कीं नाहीं, एवढेंच तो पाहतो.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, उद्योगपति पालखीवाला हे कार्यक्षम अधिकाऱ्यांच्या मालिकेंतील एक होते, मुत्सद्दी म्हणून ते सद्‌हेतूचे पण अल्पकालीन ठरले, आणि ग्रंथकार म्हणून ते आपल्या कीर्तीच्या मानानें उणे आहेत. न्यायपंडित म्हणून मात्र ते दोनदां, १९७३ सालीं आणि १९७५ सालीं, आपल्या वर्गाच्या व आपल्या अशिलाच्या पलीकडे गेले. व्यापारानें त्यांना सरकारची पर्वा न करण्याइतकी निश्चिंतता दिली, हा व्यापाराचा त्यांच्यावरील उपकार. आणि कोणत्या दुःखाकडे पाहावयाचें याची मर्यादाहि त्यांस व्यापारानेंच घालून दिली, ही त्या उपकाराची किंमत. ११ डिसेंबर २००२ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांनीं मिळविलेले बँकांचे व तनख्यांचे जय दुरुस्त्यांच्या लोंढ्यांत वाहून गेले; ज्या एका जयांत त्यांच्या अशिलाला कांहीं मिळालें नाहीं, तोच टिकला आहे. वकिली करणाऱ्या तरुणांनीं त्यांच्या वाक्पटुत्वाचें अनुकरण करण्यापूर्वीं या एका गोष्टीचा विचार करावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.